‘आम्ही पकडायचे आणि तू सोडवायचे?’

पत्र थोडक्यात असं : पुण्यातल्या पोलिस वसाहतीत वाढलेली अठरा वर्षांची मुलगी. बारावी कला शाखेतून झाली, कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी दिली, गुण बरे आहेत, प्रवेशफेऱ्या सुरू आहेत. वडील सहायक फौजदार, निवृत्तीला चार वर्षं. तिला कायदा आणि गुन्हेशास्त्र ‘एकत्रच’ शिकायचंय. मावसबहीण इंग्लंडमध्ये दोन्हींची मिळून एकच पदवी करतेय. इथल्या एका खासगी अकादमीने सांगितलं, की एलएलबी चालू असतानाच शनिवार-रविवारी आमचा गुन्हेशास्त्राचा दोन वर्षांचा डिप्लोमा कर, फी नव्वद हजार, पुढे ‘क्रिमिनल प्रोफायलर’ (गुन्ह्याच्या पद्धतीवरून गुन्हेगाराचा स्वभाव ओळखणारा) होशील. पहिला हप्ता येत्या आठवड्यात भरायचाय. वडिलांना मुलगी न्यायाधीश व्हावी असं वाटतं, पण गुन्हेशास्त्राचं नाव काढलं की ते चिडतात : ‘‘गुन्हेगारांचं कौतुक शिकायला कॉलेजात कशाला जायचं? आम्ही पकडायचे आणि तू सोडवायचे?’’ ती विचारते, दोन्ही एकत्र जमवायचं कसं आणि बाबांना समजवायचं कसं?

*

तुझं पत्र चार पानांचं आहे. त्यातली तीन पानं बाबांवर आहेत आणि प्रश्न मात्र कोर्सचा आहे. तेव्हा कोर्सचं आधी उरकते, बाबांकडे सावकाशीने येऊ.

तो हप्ता भरू नकोस. अकादमी वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला ती ठाऊकही नाही. पण तिने तुला एक गोष्ट सांगितलेली दिसत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, म्हणजे वकिली आणि तिचं शिक्षण बघणाऱ्या परिषदेचे, कायदा शिक्षणाचे २००८ चे नियम आहेत. त्यातल्या सहाव्या नियमाप्रमाणे कायद्याच्या पदवीला नाव घातलेल्या विद्यार्थ्याला त्याच वेळी दुसऱ्या पदवीला, पदव्युत्तर किंवा सर्टिफिकेट कोर्सला नाव घालता येत नाही. सूट आहे ती भाषेच्या किंवा संगणकाच्या छोट्या अर्धवेळ कोर्सला आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राच्या कोर्सला. शनिवार-रविवारचा खासगी डिप्लोमा यातल्या कशातच बसत नाही. तू म्हणशील, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिलीय ना? दिलीय. पण त्याच सूचनांमध्ये व्यावसायिक परिषदांचे नियम लागू राहतील असंही लिहिलंय. जाहिरातींतून नेमकी तेवढीच ओळ गळते. शिवाय सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून, विद्यार्थी एकाच वेळी दुसरी पदवी करतोय का हे त्याच्याकडून लिहून घ्यायला कॉलेजांना सांगितलं. नव्वद हजार घालवून पाच वर्षांनी वकिलीच्या सनदेच्या अर्जाचं घोंगडं भिजत पडायला नको.

मावसबहिणीचं गणित वेगळं आहे. तिकडे ‘लॉ विथ क्रिमिनॉलॉजी’ ही एकच पदवी असते, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची, दोन्ही विषयांचे पेपर एकाच वेळापत्रकात. आणि उद्या तिला शिवाजीनगर कोर्टात उभं राहायचं झालं, तर बारावीनंतरची ती पदवी दाखवून थेट सनद मिळणार नाही. बार कौन्सिलची मान्यता आणि वेगळी पात्रता परीक्षा तिच्या पुढ्यात असेल. तिला तिचं करू दे.

तुला जे हवंय त्यातलं बरंचसं एलएलबीच्या पोटातच आहे. ज्या नियमांनी तुझी वाट अडवली, त्यांच्याच परिशिष्टात ऑनर्ससाठी विषयांचे गट दिलेत आणि त्यात एक अख्खा गट गुन्हे आणि गुन्हेशास्त्राचा आहे : दंडशास्त्र, पीडितशास्त्र, तुरुंग प्रशासन, प्रोबेशन आणि पॅरोल, गुन्हेगारी मानसशास्त्र वगैरे. अर्थात कागदावर असलेला ऑप्शनल वर्गात शिकवला जातोच असं नाही. तो मुलं किती आणि शिकवायला कोण यावर ठरतो. पुण्यात पसंतीक्रम भरताना मुलं कॉलेजचं नाव बघतात. १९२४ पासूनचं आयएलएस म्हटलं की डोळे मिटून पहिला क्रमांक. तू प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसात फोन करून विचार, की गेल्या दोन वर्षांत यातले कोणते पेपर प्रत्यक्ष शिकवले आणि कोणी शिकवले. क्लार्क वैतागेल. वैतागू दे.

दुसरा रस्ता असा : आधी समाजशास्त्र किंवा मानसशास्त्रात बीए आणि मग तीन वर्षांची एलएलबी. एकूण सहा वर्षं, म्हणजे फक्त एक जास्त. गुन्हेशास्त्र या दोन विषयांवरच उभं असल्याने मला हा रस्ता मनातून जास्त आवडतो. पण तुझी जागा हाताशी आलीय, बाबांच्या निवृत्तीला चार वर्षं राहिलीत आणि निवृत्तीबरोबर क्वार्टरही सुटणार. तुझ्या घराला ते सहावं वर्ष जड जाईल. तू पाच वर्षांचंच घे. फक्त बीए एलएलबीच्या सुरुवातीच्या वर्षांत समाजशास्त्राचे पेपर असतात, ते बहुतेक मुलं गाइड वाचून उरकतात. तू तसं करू नकोस, तुझा पाया तिथेच भरला जाणार आहे.

आता खरा मुद्दा. तू लिहितेस, ‘मला गुन्हेगाराच्या मनात शिरायचंय.’ ही ओळ टीव्हीवरून आलीय, असा माझा संशय आहे. प्रोफायलर नावाचं पद खात्याच्या भरतीत मी तरी पाहिलेलं नाही. बाबांना विचार, त्यांनी पाहिलंय का. आणि घटनास्थळावरचे नमुने, रक्त, बोटांचे ठसे हे सगळं न्यायसहायक विज्ञान, ती वेगळी शाखा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक करायचं ठरवलंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. त्यामुळे तिथे माणसं लागणार. पण गणेशखिंडीतल्या प्रयोगशाळेत नमुने तपासायला विज्ञानाची पदवी लागते. कला शाखेतून तो दरवाजा तुला बंद आहे, हे अकादमीने सांगायला हवं होतं.

मग गुन्हेशास्त्र विचारतं तरी काय? तुझ्या लाइनीतलाच शब्द घेऊ : तडीपारी.

महाराष्ट्र पोलिस कायदा, १९५१. कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला हद्दीबाहेर घालवता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. कायद्याचा विद्यार्थी विचारेल, नोटीस नीट बजावली का? बाजू मांडू दिली का? गोपनीय साक्षीदारांचे जबाब अधिकाऱ्याने खरोखर पडताळले, की नुसतं ‘पाहिले’ म्हणून सही केली? पूर्ण दोन वर्षंच का, त्याचं कारण आदेशात आहे का? ही कुरकुर बारीक वाटते, पण सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातलाच एक तडीपारीचा आदेश रद्द केला, त्यात कमाल मुदतीची कारणं न देणं हाही मुद्दा होता.

गुन्हेशास्त्राचा प्रश्न त्याच माणसाबद्दल आहे, पण दुसऱ्याच टोकाचा : तो गेला कुठे? हडपसरातून काढलेला माणूस साताऱ्यात जाऊन बसला, तर गुन्हा कमी झाला की नुसता सरकला? बायको-पोरं इथे, उधारी इथे, म्हणून तो रात्री गुपचूप घरी येतो, पकडला जातो, आणि तडीपारीचा भंग म्हणून त्याच्या नावावर आणखी एक गुन्हा चढतो. हा गुन्हा त्याने केला की आदेशाने तयार केला? आणि गल्लीत त्याची रिकामी झालेली जागा कोणी घेतली? बऱ्याचदा ती एखाद्या सतरा वर्षांच्या पोराने घेतलेली असते, ज्याच्याकडे एक कोयता आणि एक मोबाइल आहे. त्याने चार गाड्यांच्या काचा फोडल्या, रील टाकली, पोलिसांनी पकडला. काचा फोडल्याची भरपाई कायदा ठरवेल. रील का टाकली, कोणासाठी टाकली, शाळा कधी सुटली, त्याच गल्लीतली बाकीची वीस पोरं तसं का करत नाहीत, हे प्रश्न गुन्हेशास्त्राचे. त्या विसांचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तो फार कमी जण विचारतात.

म्हणजे हे दोन विषय एकमेकांना पूरक आहेत असं जे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, ते अर्धंच खरं. ते भांडतातही. फौजदारी कायदा धरून चालतो, की केलं ते त्या माणसाने, समजून-उमजून केलं. गुन्हेशास्त्र त्याच्यामागची वस्ती, घर, बेकारी, दोस्तमंडळी दाखवत बसतं. कारणं फार दिसू लागली की शिक्षा कोणाला द्यायची तेच कळेनासं होतं, आणि कारणं मुळीच बघितली नाहीत तर तोच चेहरा तीन वर्षांनी पुन्हा त्याच पिंजऱ्यात उभा राहतो. दोन्ही शिकायचं म्हणजे हे भांडण डोक्यात वागवत राहायचं. तुला त्याची हौस आहे का, एवढंच स्वतःला विचार. असेल तर एका सर्टिफिकेटच्या जागी दोन असण्याने फारसा फरक पडत नाही.

हा विषय आकडे वाचायलाही शिकवतो. पिंपरी-चिंचवडचं वेगळं पोलिस आयुक्तालय ऑगस्ट २०१८ मध्ये झालं आणि पुणे शहर पोलिसांच्या हद्दीतली काही ठाणी तिकडे गेली. आता कोणी ‘२०१७ पेक्षा २०१९ ला पुण्यातले गुन्हे घटले’ म्हणाला, तर पहिला प्रश्न हद्दीचा. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, अहवालात एका फिर्यादीत अनेक कलमं असली तरी मोजला जातो तो त्यातला सर्वांत गंभीर गुन्हा. खुनाबरोबरची जबरी चोरी त्या तक्त्यात दिसतच नाही. पाषाणला मुख्यालय असलेल्या राज्य सीआयडीचा ‘क्राइम इन महाराष्ट्र’ हा अहवाल मिळव आणि एकच प्रकरण, तळटीपांसकट, वाच. वेब सिरीजपेक्षा रटाळ आहे. ते वाचूनही विषय आवडला, तर तो खरोखरच आवडला.

आणि या शास्त्राचं घराणं फारसं सोज्ज्वळ नाही, हेही आताच कळलेलं बरं. लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये कवट्या आणि जबडे मोजून ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडली. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रजांनी इथे गुन्हेगार जमाती कायदा करून अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्याही होत्या. पुढे त्यांना सोलापुरातल्यासारख्या वसाहतींत डांबलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून तो विमुक्त दिन. पण चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय सत्तर वर्षांत पुरती सुटलेली नाही. हे तू शिकशील आणि एक दिवस जेवताना बाबांपुढे बोलशील. जरा जपून बोल. तू इतिहास सांगत असशील, त्यांना आरोप ऐकू येईल.

आता बाबा.

तू विचारलंस, त्यांना समजवायचं कसं. ते समजलेले नाहीत हे तू गृहीत धरलंयस. मला तसं वाटत नाही. ‘आम्ही पकडायचे आणि तू सोडवायचे’ या वाक्यात गुन्हेशास्त्र कुठेच नाही. त्यात बचाव पक्षाचा वकील आहे. पंच (पंचनाम्याचे साक्षीदार) फितूर झाले, इतर साक्षीदार फिरले, तपासात राहिलेल्या एका त्रुटीवर आरोपी सुटला आणि बाहेर येऊन हसला, हे त्यांनी नोकरीत किती वेळा पाहिलं असेल? तो राग त्यांनी घरी आणलाय. मुलगी त्या हसणाऱ्याच्या शेजारी काळा कोट घालून उभी राहिलेली त्यांना दिसते, म्हणून ते चिडतात. त्यांना गुन्हेशास्त्राची व्याख्या ऐकवून काही होणार नाही.

त्यापेक्षा त्यांना विचार. कोणती केस अजून बोचते? पंच का फिरला असेल : पैसे, भीती, की त्याच वस्तीत राहायचं होतं म्हणून? तोच माणूस पुन्हा पुन्हा ठाण्यात येतो, तो मध्ये कधी सुधारला होता का, आणि कशाने? तीस वर्षं ठाण्यात काढलेल्या माणसाकडे याची जी उत्तरं असतात ती कुठल्या पुस्तकात नाहीत. एक पथ्य मात्र पाळ : अल्पवयीन मुलांची, अत्याचार झालेल्या बायकांची नावं विचारायची नाहीत, घरी कागद आणायला लावायचे नाहीत.

बचावाच्या वकिलाबद्दलही बोलावं लागेल, पण घाई नको. घटनेच्या २२ व्या कलमाने अटक झालेल्याला वकिलाचा हक्क दिलाय, ३९-अ ने गरिबाला मोफत कायदेमदत. वकीलच न देता चालवलेला खटला वरच्या कोर्टात टिकत नाही. उलटतपासणीतून तावूनसुलाखून निघालेल्या पुराव्यावरची शिक्षाच अपिलात उभी राहते. कोर्टात खटल्याची पैरवी केलेल्या कुठल्याही पोलिसाला हे ठाऊक असतं, मुलीच्या तोंडून ऐकायला मात्र वेळ लागतो. आणि तू सरकारी वकीलही होऊ शकतेस, हे घरात अजून कोणी बोललेलंच दिसत नाही.

त्यांचं न्यायाधीशाचं स्वप्नही तुझ्या विषयाच्या आड येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिवाणी न्यायाधीशाच्या भरतीला तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली. म्हणजे पदवीनंतर लगेच जेएमएफसीची (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची) परीक्षा हा जुना बेत आता धरून चालायचं नाही, ती तीन वर्षं कोर्टात काढावी लागणार. आणि त्या खुर्चीत बसल्यावर, दोष सिद्ध झाला, आता शिक्षा किती, या टप्प्याला गुन्हेशास्त्र टेबलावर येतंच. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली पहिल्यांदा चुकलेल्या पोराला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली सोडायचं का, हे ठरवताना समोर परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचा अहवाल असतो. तो वाचता येणारा न्यायाधीश आणि नुसता पान उलटणारा न्यायाधीश यांच्या निकालांत फरक पडतो. बाबांना हे सांग. व्याख्यान नको, चहाच्या वेळी दोन वाक्यांत.

पाच वर्षं हाताशी आहेत. गुन्हेशास्त्राचा तुझा वर्ग शिवाजीनगरला फुकट भरतो. खटले उघड्या कोर्टात चालतात, कोणीही मागच्या बाकावर बसू शकतं. अत्याचाराचे आणि पॉक्सोचे (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांचे) खटले बंद दाराआड असतात, तिथे जायचं नाही. दुपारच्या सुट्टीनंतर रिमांडच्या वेळी बाहेर उभी राहा. डब्याची पिशवी घेतलेली एखादी बाई आरोपीला आत नेताना पुढे सरकते, शिपाई हात आडवा घालतो. आत दोन मिनिटांत काम होतं, वकील बाहेर येऊन ‘एमसीआर झाला’ म्हणतो आणि पुढच्या कोर्टात पळतो. बाई शेजारच्या माणसाला विचारते, ‘एमसीआर म्हणजे सुटला का हो?’ सुटलेला नसतो. पोलिस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी सुरू झालेली असते, म्हणजे येरवडा. जामिनाचा अर्ज करता येतो, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं. एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या तुरुंगांत दर चारांमागे तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून न संपलेले, आहेत. त्या आकड्यात तिचा मुलगा असतो.

ते सांगणारं माणूस तू विद्यार्थी असतानाच होऊ शकतेस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक घेतं, त्यात कायद्याचे विद्यार्थी चालतात. बार कौन्सिलच्या नियमाने पाच वर्षांत किमान वीस आठवडे इंटर्नशिप करायचीच आहे. बहुतेक मुलं ती काकांच्या ओळखीच्या वकिलाकडे फायली लावण्यात घालवतात. तू ती वाटून घे : काही आठवडे सरकारी वकिलाकडे, काही गरीब आरोपींना मोफत वकील देणाऱ्या लोकअभिरक्षक कार्यालयात, काही कैद्यांसोबत किंवा बालन्यायाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थेत. तुरुंग विभागाचं मुख्यालय पुण्यातच आहे, पण आत जायची परवानगी कॉलेजच्या पत्राशिवाय मिळत नाही आणि वेळ लागतो. सेमिस्टर सुरू होतानाच अर्ज टाक.

पदवीनंतर गुन्हेशास्त्र रीतसर शिकावंसं वाटलं, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत क्रिमिनॉलॉजी आणि जस्टिस या विषयात समाजकार्याची एमए आहे, मद्रास विद्यापीठात स्वतंत्र विभाग आहे. नोकरी धरूनच शिकायचं असेल तर इग्नूचा क्रिमिनल जस्टिसमधला पदव्युत्तर डिप्लोमा पाहा. पैशाचं स्पष्ट सांगते : जिल्हा कोर्टात पहिली वर्षं हात तंग असतो आणि गुन्हेशास्त्राच्या पदवीवरच्या बऱ्याच जागा, परिविक्षा आणि बालसंरक्षणाच्या कामातल्याही, कंत्राटी असतात. सनद हाताशी असेल तर ते दिवस निभावतात. म्हणून पहिली पदवी कायद्याची.

तुझ्यासारखी पत्रं दर प्रवेशाच्या हंगामात येतात, तेव्हा इतरांसाठीही हे. अकादमीवाल्यांचा फोन आला, तर ईमेलवर दोनच गोष्टी विचारा : हा डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा, आणि एलएलबी चालू असताना तो बार कौन्सिलच्या सहाव्या नियमात कसा बसतो? उत्तर लेखी मागा. ‘ऑफिसला या, समजावून सांगतो’ असं म्हणाले, तर जायचं कारण नाही. आणि तू, फोन करून झाले की पसंतीक्रमाचा फॉर्म शेवटच्या दिवसाआधी भर, त्या रात्री सीईटी सेलची साइट हमखास रडते.